उकिरड्यावर ठेवलेलं पोर

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला कळत नाही असं जगात फारसं काही उरलेलं नव्हतं. एकोणसाठ सालचा मे महिना. नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही पाच मुली महिनाभराच्या सेवेसाठी वऱ्हाडात निघालो होतो. मोर्शीच्या पलीकडे मिशनचा एक बालकाश्रम होता. तिथं तेवीस पोरकी आणि आजारी मुलं, आणि सांभाळायला माणसं चार. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आईने लाडवांचा डबा दिला, आणि परत आल्यावर रविवारी मंडळीपुढे उभं राहून काय काय सांगायचं हे मी गाडी बडनेऱ्याला पोचायच्या आतच ठरवून टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्यातली गत.

आश्रमाच्या सिस्टर सत्यवती अमरावतीच्याच. उंच, सावळ्या, बोलायला फटकळ. त्यांनी आम्हा पाचजणींना पडवीत ओळीने उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला.

"डांग्या खोकला कोनाले होऊन गेला हाय?"

मी मोठ्या उत्साहाने हात वर केला. बाकी चौघींच्या वाट्याला स्वयंपाक, धुणं आणि मोठ्या मुलांची शाळा आली. माझ्या वाट्याला मागची खोली आली. तिथं डांग्या खोकल्याची सहा मुलं वेगळी ठेवली होती. मला तो एकदा होऊन गेला होता, म्हणून पुन्हा होणार नव्हता, एवढीच माझी लायकी.

त्या खोलीची मला पहिल्या दिवसापासून भीती बसली. ढास लागली की मूल वाकायचं, डोळे बाहेर यायचे, तोंड आधी लाल आणि मग जांभळं व्हायचं, आणि शेवटी आत ओढलेल्या श्वासाचा तो लांबलचक आवाज. त्यानंतर ओकारी. ओकारी झाली की तोंड पुसून लगेच भरवायचं, कारण पुढच्या ढाशीच्या आत पोटात जाईल तेवढंच खरं. शालू नावाची चार वर्षांची मुलगी तर ढास यायच्या आधीच माझा पदर घट्ट धरायची. तिला कळायचं की येते आहे. तिची मूठ आवळली की मी तिला पुढे वाकवून धरायचे. आपल्या हातात एखादं मूल जाईल, ही एकच भीती मी तेव्हा उठता-बसता बाळगून होते. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तीच.

तिसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "हे पाय सालोमी, मोठं पोट्टं खोकलते तं आपल्याले आयकू येते. तान्हं खोकलत नाई. ते नुसतं गप्प होते. निळं पडते न गप्प होते, बाजूच्या मानसाले कळत बी नाई. म्हनून या खोलीतल्या लुगड्यानं तान्ह्याले शिवाचं नाई. हात धुवाचे, लुगडं बदलाचं, मंग."

"हो सिस्टर," मी म्हणाले. मला सगळं एकदा सांगितलं की कळायचं.

पहिला आठवडा असा गेला. पुढच्या सोमवारी सिस्टर औषधं आणायला सकाळच्या बसने अमरावतीला गेल्या. शालूची एक मोठी ढास नुकतीच निभली होती. तिच्या चिंध्या जाळायला म्हणून मी टोपली घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. आमच्या कुंपणाला लागूनच गावाचे उकिरडे होते. ऊन चढायला लागलं होतं. एक बाई सूप घेऊन आली, सूप एका उकिरड्यावर ठेवलं, आणि पाठ फिरवून चालू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सुपात काहीतरी हललं.

मी टोपली टाकून धावले. सुपात पोर होतं. दहा-बारा दिवसांचं, काजळाचा मोठा टिळा लावलेलं, उन्हाने तोंड वाकडं करत होतं. मला भयंकर संताप आला. मिशनच्या अहवालांत वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे होतं. टाकून दिलेली मुलं, दगडाच्या काळजाच्या आया. मी ते उचललं, पदरात गुंडाळलं, पदरानेच त्याचं तोंड पुसलं.

तेवढ्यात बाभळीमागून दुसरी एक बाई लगबगीने आली. चाळिशीची असेल. पायात काटा रुतला होता, लंगडत होती. हातात पितळी वाटी.

"वं बाई, वं बाई! ठेवा ते खाली. मले उचलाचं हाय."

"कोणाचं मूल आहे हे?" मी ओरडले.

ती खाली बघून म्हणाली, "कोनाचं नाई."

"कोणाचं नाही म्हणजे?"

"उकिरड्याचं हाय ते. त्याले माय नाई न बाप नाई." आणि वाटी पुढे करून म्हणाली, "कोंडा घ्या न मले द्या."

मूठभर कोंड्याला मूल मागते! आता माझ्या रागाला पारावार उरला नाही. लाज नाही वाटत, माणसं आहात की कोण आहात, असं बरंच काही बोलले मी तिला. नगरी जिभेला धार असतेच. ती "अवो बाई, आयका तं" म्हणत मागे येत होती, आणि मी पोर घेऊन आत गेले आणि दाराला कडी घातली. बाहेरून ती दार वाजवत राहिली.

पोर मी मागच्या खोलीत नेलं नाही बरं का. सिस्टरचं सांगणं लक्षात ठेवून पडवीतल्या वेगळ्या खोलीत नेलं. त्याचा मला अभिमानही वाटला.

इंदूबाई आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. गावातल्याच, तीन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या घरातल्या. त्या दूध घेऊन आल्या, पोराचा टिळा पाहिला, आणि मी सगळी हकिकत सांगत असताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अवो बाई, काय केलं तुमी हे? हे तं खुशालरावच्या रुख्मिणीचं पोट्टं. तिचे तीन लेकरं गेले. एक सवा महिन्याचं, एक तं सहाच दिवसांचं. लेकरं जगत नाई तं आमच्या इकडे उकिरड्यावर ठेवतेत. मंग आत्या कोंडा घेऊन जाते न उचलते, न मायनं तिच्यापासून त्याच कोंड्यानं इकत घ्याचं. मंग ते पोट्टं तिचं नसते, इकत घेतलेलं असते. मौतले वाटते, याच्यात काई दम नाई, कचऱ्याचं हाय." त्या जरा थांबल्या. "आमी सोडून देल्लं हे सारं. पन माह्या भावाले माह्या मायनं असंच ठेवलं होतं."

"मग त्या बाईने सांगायचं ना तसं!"

"कसं सांगन? आपलं म्हनलं का गेलं. इकत घेईपर्यंत कोनी आपलं म्हनाचं नाई."

 मी विचारलं होतं आणि तिने खरं तेच उत्तर दिलं होतं, तिच्या रीतीप्रमाणे.

दार उघडलं तेव्हा बाहेर दोघी होत्या. सुभद्रा, म्हणजे ती आत्या, आणि रुख्मिणी, सूप ठेवून गेली होती तीच. रुख्मिणी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. चोळी दुधाने भिजली होती. रडून डोळे सुजले होते, पण तोंडातून "माझं पोर" हे शब्द काढत नव्हती. तिला ते काढता येत नव्हते.

"बाई," ती म्हणाली, "तुमाले सापडलं ना एक पोट्टं? मले इकता का?"

इंदूबाईंनी मला कोपराने ढोसलं. मी म्हणाले, "विकते." सुभद्राने वाटी माझ्या ओंजळीत उपडी केली आणि मी पोर रुख्मिणीच्या हातात दिलं. ती तिथंच मटकन बसली आणि त्याला पाजायला लागली. मग एकदम हसली. "मिशनच्या बाईपासून घेतला याले. आता तं लयच दूरचा झाला हा. याले कोनी वळखत नाई."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हातातला कोंडा झटकायला खाली पाहिलं. माझ्या पदरावर शालूच्या बेडक्याचा डाग होता. मोठा. अजून पुरता सुकलाही नव्हता. त्याच पदरात मी ते पोर गुंडाळलं होतं. त्यानेच त्याचे ओठ पुसले होते.

रुख्मिणी माझ्यासमोर तीन हातांवर बसली होती. मी सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर सिस्टर येईपर्यंत तिला थांबवून घेता आलं असतं. पण मला त्या सगळ्यांचं हसणं मोडवलं नाही. आणि खरं सांगायचं तर हे सगळं नंतर सुचलेलं आहे. मी भ्याले. सिस्टर काय म्हणतील, मंडळीला काय कळवतील, बाबा काय म्हणतील, याला भ्याले. पदर उलटा करून कमरेला खोचला आणि "जपा हं" म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर आल्या. उकिरड्याची गोष्ट ऐकून पोट धरून हसल्या. पदराचं मी त्यांनाही सांगितलं नाही.

त्या रोगाचं असं असतं की लागला तरी सात-आठ दिवस काही दिसत नाही. ते दिवस मी मोजले. मंगळवार, बुधवार. कोणी गावातून आलं की माझं लक्ष दाराकडे. गुरुवारी प्रार्थनेत सिस्टरनी "ज्यांना तू राखलंस त्यांच्यासाठी" असं काही म्हटलं आणि मी उठून बाहेर गेले. शुक्रवारी मनाची समजूत घातली, एवढ्याशाने काय होतंय. शनिवारी गावात रडण्याचा आवाज आला. मी भांडी टाकून दाराशी धावले. कोणाचा तरी म्हातारा गेला होता. म्हातारा गेला म्हणून मला बरं वाटलं. इथवर मी पोचले होते. रविवारी जेवण जाईना. मागच्या खोलीतली मुलं खोकत होती, त्याची आता भीती वाटत नव्हती. त्यांचा आवाज येत होता ना. मला भीती होती ती गावातल्या एका घरातल्या शांततेची.

पुढच्या बुधवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, मला राहवेना. अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि खुशालरावांच्या घरी गेले.

"या बाई, या!" रुख्मिणीने चटई टाकली. "तुमच्यापासून घेतला न आमी, तुमी तं याची पहिली माय." पोर झोळीत होतं. गुलाबी होतं. मनातच देवाचे आभार मानले. मग ते शिंकलं.

"कालपासून जरासं नाक वाहून राहिलं त्याचं," ती म्हणाली. "दूध बी कमी पेते. उन्हाचं असन."

चहाची बशी माझ्या हातात होती. ती खाली ठेवली. आणि मी सांगितलं. मागची खोली, शालू, पदर, सगळं. तान्हं खोकत नाही, हेसुद्धा. सांगताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने झोळीतून पोर उचलून घेतलं. मग म्हणाली, "तुमाले कवा मालूम झालं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी कवा?"

"तुम्ही त्याला पाजत होतात तेव्हा."

"मी तुह्यासमोर बसली होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी हासून राहिली होती. न तू पाहून राहिली होती मले."

मला तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

पोर आश्रमात नेऊन सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी पोराची छाती ऐकली, घसा पाहिला आणि मला एवढंच म्हटलं, "अमरावतीले घेऊन जाय. आत्ताच. मले इथून हलता येत नाई. तूच जाशीन, तुह्यानंच झालं." खुशालरावांनी बैलगाडी जुंपली. ते मोर्शीपर्यंत आले, आणि बसमध्ये आम्ही दोघीच बसलो, कारण जागा दोनच होत्या. ते मागच्या बसने येणार होते.

बस तापून निघाली होती. रुख्मिणी खिडकीशी, पोर तिच्या मांडीवर, मी शेजारी. ती माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मी नुसती त्या पोराच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. वर, खाली. संत्र्यांचे बगीचे मागे पडले. अर्धा रस्ता झाला असेल, आणि ती छाती थांबली.

आवाज नाही, काही नाही. ओठ निळे पडले. मग कपाळ. रुख्मिणीने पाहिलं आणि ती दगडासारखी बसून राहिली. तिने हे आधी तीनदा पाहिलं होतं. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "गेलं वाटते वं माय."

मी पोर ओढून घेतलं. परवानगी विचारली नाही. डोकं खाली, पोट माझ्या हातावर. करंगळीला पदराचं टोक गुंडाळून घशात घातलं. चिकट तार लागली, ती ओढली. तळपायावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा टिचकी. मी मोठ्याने बोलत होते म्हणे, काय ते आठवत नाही. कोणीतरी ओरडलं आणि बस थांबली. पुन्हा करंगळी, पुन्हा तार.  इतके दिवस ज्याला भ्याले ते आता होतंय, माझ्याच हातात होतंय, एवढंच कळत होतं. मग त्या एवढ्याशा पाठीत एक उबळ आली आणि ते कण्हलं.

अमरावती येईपर्यंत आणखी दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा रुख्मिणीने पोर आपणहून माझ्या हातात दिलं.

इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं आणि तोच आजार निघाला. औषध सुरू झालं. पण औषधाने ढास लगेच जात नाही. कोणीतरी सतत नजर ठेवायची, श्वास थांबला की काढून द्यायचा. नर्स एक आणि खाटा पंचवीस. रुख्मिणीला घशात बोट घालणं जमेना, तिचा हात आखडायचा. म्हणून ते मी करायचे. आम्ही पाळीपाळीने जागायचो. बोलायचो नाही. "धर," ती म्हणायची. मी धरायचे.

मे संपला. आमच्या चौघी निघाल्या, बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी होती. मैत्रिणींनी माझी ट्रंक इस्पितळात आणून दिली. मी निरोप घ्यायला खाटेपाशी गेले. आता आपण इथून सुटलो, असं वाटत होतं. ते खोटं कशाला सांगू?

रुख्मिणीने ट्रंक पाहिली. "जाऊन राहिली?"

"हो. सगळ्या चालल्यात."

"याले कोन धरन मंग?"

मी ट्रंककडे पाहिलं.

"मले तुहा राग हाय," ती म्हणाली. "लय राग हाय, न तो राहीनच. पन तू जाऊ नको."

मी ट्रंक खाटेखाली सरकवली. बाबांना कार्ड टाकलं की थोडे दिवस लागतील.

सव्वीस दिवस लागले. पोर वाचलं. शेवटच्या आठवड्यात निळं पडणं बंद झालं. त्याला खराखुरा, मोठ्या मुलांसारखा आवाजाचा खोकला यायला लागला, आणि तो ऐकून मी व्हरांड्यात जाऊन रडले. त्या सव्वीस दिवसांत तिने ते माझ्या हातात किती वेळा दिलं असेल, शंभर वेळा, दोनशे वेळा.

घरी जायच्या दिवशी मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. खुशालराव तिकिटं काढायला गेले होते. बस लागली. तिच्या एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात भांड्यांचं जड गाठोडं. दोन्ही घेऊन चढता येईना. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. पोर छातीशी आवळून धरलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.